यष्टीमागून प्रशिक्षकपदाकडे

क्रिकेटमधील यष्टिरक्षक आणि बेसबॉल किंवा सॉफ्टबॉलमधील कॅचर हे दोन वेगळ्या खेळांतील खेळाडू असले, तरी दोघांच्या वाट्याला येणारे काम बरेचसे सारखे असते. दोघेही फलंदाजाच्या पाठीमागे बसतात, क्षेत्ररक्षण करणाऱ्या इतर कोणाहीपेक्षा अधिक वेळा चेंडू हाताळतात, गोलंदाजाचा दिवस कसा चालला आहे हे बहुधा कर्णधाराच्याही आधी ओळखतात, आणि सामना संपल्यावर धावफलकात त्यांच्या नावापुढे मात्र फारसे काही लिहिलेले नसते. या जागेवर खेळलेले लोक पुढे चांगले प्रशिक्षक होतात, असा अनुभव अमेरिकेतील बेसबॉलला शंभराहून अधिक वर्षांचा आहे, आणि भारतीय क्रिकेटमध्ये त्याचे सर्वांत ठळक उदाहरण चंद्रकांत पंडित या मुंबईकर यष्टिरक्षकाच्या कारकिर्दीत सापडते. खेळाडू म्हणून ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामन्यांवर थांबलेल्या पंडित यांनी प्रशिक्षक म्हणून तीन वेगवेगळ्या संघांकडून मिळून सहा वेळा रणजी करंडक जिंकून घेतला, आणि देशांतर्गत क्रिकेटमध्ये आज त्यांच्याइतके यशस्वी प्रशिक्षक दुसरे दाखवता येणार नाहीत.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील वाचकांना या कारकिर्दीकडे पाहण्याचे आणखी एक कारण आहे. मुंबई, विदर्भ आणि मध्य प्रदेश हे पंडित यांचे तीन विजेते संघ खान्देशाच्या तीन दिशांना आहेत. मुंबई-नागपूर लोहमार्ग जळगाव आणि भुसावळवरून पूर्वेकडे जातो, मुंबई-आग्रा महामार्ग धुळे आणि शिरपूर ओलांडून इंदूरला पोहोचतो, म्हणजे ज्या शहरांत हे करंडक गेले ती सगळी खान्देशातून जाणाऱ्या दोन वाटांवरची आहेत. खान्देशचे क्रिकेट मात्र या तिन्हींपैकी कोणत्याच संघटनेत मोडत नाही. येथील जिल्हे पुण्यात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनशी संलग्न आहेत आणि या संघटनेच्या संघाने रणजी करंडक जिंकला तो १९३९-४० आणि १९४०-४१ या लागोपाठच्या दोन हंगामांत, प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली. शेजारच्या दोन प्रदेशांना एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली पहिले विजेतेपद कसे मिळाले, हा प्रश्न म्हणूनच खान्देशाच्या दृष्टीने केवळ कुतूहलाचा राहत नाही.

यष्टीमागून काय दिसते

प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये, म्हणजे चार किंवा पाच दिवसांच्या मोठ्या सामन्यांत, दिवसाला ९० षटके टाकली जावीत असा दंडक असतो, त्यामुळे क्षेत्ररक्षणाच्या पूर्ण दिवसात यष्टिरक्षकाला किमान ५४० वेळा खाली बसून उठावे लागते. हे बसणे विश्रांतीचे नसते. शरीराचा भार टाचांवर न टाकता चवड्यांवर ठेवायचा, ग्लव्हजमधील बोटे जमिनीकडे करून तळवे गोलंदाजाला दाखवायचे, चेंडू टप्पा पडून उसळू लागला की त्याच्या उसळीबरोबर उठायचे, आधी उठायचे नाही, आणि चेंडू हातात येताना तळवे किंचित मागे नेऊन त्याचा जोर जिरवायचा, असा हा क्रम आहे. वेगवान गोलंदाजासाठी यष्टिरक्षक पंधरा-वीस पावले मागे उभा राहतो, फिरकी गोलंदाजासाठी तो यष्ट्यांना चिकटून बसतो. या दुसऱ्या प्रकारात चेंडू कित्येकदा फलंदाजाच्या शरीराआड गेल्यामुळे क्षणभर दिसतच नाही आणि तो कोठून बाहेर येईल याचा अंदाज गोलंदाजाच्या मनगटावरून आधीच बांधून ठेवावा लागतो.

या कामामुळे यष्टिरक्षकाला अशा दोन गोष्टी एकाच रेषेत दिसतात, ज्या मैदानावरील दुसऱ्या कोणालाही त्या रीतीने दिसत नाहीत: समोर गोलंदाजाचा हात आणि हाताशी फलंदाजाचे पाय. फलंदाज चेंडू पडण्याआधीच पुढे सरकतो आहे का, बाहेर जाणाऱ्या चेंडूकडे त्याची बॅट सरळ येते की आडवी, गोलंदाज थकल्यावर त्याचा खांदा खाली झुकू लागला आहे का, खेळपट्टीवरील चेंडू पहिल्या तासापेक्षा खाली राहू लागला आहे का, या सगळ्यांची नोंद यष्टिरक्षकाच्या मनात आपोआप होत राहते, आणि चांगला यष्टिरक्षक ती षटकांच्या मधल्या वेळात कर्णधारापर्यंत पोहोचवतो. पंचांचा निर्णय तिसऱ्या पंचाकडे फेरतपासणीसाठी न्यायचा की नाही, हे ठरवताना कर्णधार सर्वांत आधी यष्टिरक्षकाकडे पाहतो, ते याच कारणाने.

बेसबॉलमधील कॅचरचे काम आणखी एक पाऊल पुढे जाते. या खेळात गोलंदाजाला पिचर म्हणतात आणि तो १८.४४ मीटर अंतरावरून, टप्पा न पाडता, चेंडू थेट फलंदाजाकडे फेकतो. मोठ्या स्पर्धांत हा वेग ताशी १५० किलोमीटरच्या आसपास असल्याने फलंदाजाला विचार करायला अर्धा सेकंदही मिळत नाही. फलंदाजाच्या पुढ्यातील पाचकोनी पाटीला होम प्लेट म्हणतात, आणि या पाटीच्या रुंदीतून, गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत गेलेला चेंडू फलंदाजाने सोडला तरी तो स्ट्राइक धरला जातो. असे तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद होतो. कोणत्या फलंदाजाला कोणत्या जातीचा चेंडू टाकायचा आणि तो या चौकोनाच्या कोणत्या कोपऱ्यात टाकायचा, याची सूचना कॅचर पिचरला देतो. पूर्वापार ही सूचना मांड्यांच्या मधे बोटांच्या खुणांनी दिली जाते, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च साखळीत, म्हणजे मेजर लीगमध्ये, २०२२ पासून त्यासाठी छोटे विद्युत उपकरण वापरण्याची मुभा आहे. क्षेत्ररक्षण करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जणांची तोंडे होम प्लेटकडे असतात आणि एकट्या कॅचरचे तोंड मैदानाकडे, त्यामुळे कोण कोठे उभा आहे, कोणत्या बेसवर, म्हणजे धाव घेताना गाठायच्या टप्प्यावर, प्रतिपक्षाचा धावपटू आहे आणि तो पळण्याच्या बेतात आहे का, हे सर्व त्यालाच दिसते. धावपटू पहिल्या बेसवरून दुसऱ्या बेसकडे निघाला तर कॅचरला चेंडू झेलून, उठून, सुमारे ३९ मीटर लांब फेकावा लागतो, आणि हातात आल्यापासून दुसऱ्या बेसवर पोहोचेपर्यंत चेंडूला साधारण दोन सेकंदांहून अधिक वेळ लागला तर धावपटू सुरक्षित पोहोचतो.

कॅचरपासून मॅनेजरपर्यंत

बेसबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाला मॅनेजर म्हणतात आणि संघनिवडीपासून सामन्यातील प्रत्येक बदलापर्यंतचे निर्णय त्याच्याकडे असतात. कॉनी मॅक हे कॅचर म्हणून खेळले आणि पुढे १९०१ ते १९५० अशी सलग पन्नास वर्षे फिलाडेल्फिया अॅथलेटिक्स या संघाचे मॅनेजर राहिले. न्यूयॉर्क यांकीजचे विख्यात कॅचर योगी बेरा यांनी खेळाडू म्हणून दहा वेळा विजेतेपद अनुभवले, आणि मॅनेजर म्हणून १९६४ मध्ये यांकीजला व १९७३ मध्ये न्यूयॉर्क मेट्सला अंतिम मालिकेपर्यंत नेले. कॅचर म्हणूनच सुरुवात केलेले जो टॉरे यांनी १९९६ ते २००० या काळात यांकीजला चार विजेतेपदे मिळवून दिली, तर ब्रूस बोची यांनी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून २०१०, २०१२ आणि २०१४ मध्ये, आणि टेक्सास रेंजर्सकडून २०२३ मध्ये, अशी चार विजेतेपदे घेतली.

यांपैकी बोची यांचे उदाहरण पंडित यांच्या जवळ जाणारे आहे, कारण खेळाडू म्हणून ते नऊ हंगामांत बहुतेक काळ राखीव कॅचर होते. राखीव खेळाडूला सामना बाकावर बसून पाहावा लागतो, आणि केव्हाही आत जावे लागेल म्हणून तो लक्ष देऊन पाहावा लागतो; आपल्या जागेवरील दुसरा माणूस काय करतो आहे आणि आपण असतो तर काय केले असते, याचा हिशेब त्याच्या मनात सतत चाललेला असतो. प्रशिक्षकाचे काम मुळात याच प्रकारचे असते. अर्थात हा नियम नव्हे. बेरा हे आपल्या काळातील सर्वश्रेष्ठ कॅचर होते, आणि दोन्ही खेळांतील पुष्कळ थोर यष्टिरक्षक व कॅचर प्रशिक्षणाच्या वाटेला कधी गेलेच नाहीत. यष्टीमागची जागा माणसाला पाहायला शिकवते; पाहिलेले दुसऱ्याला शिकवता येणे ही त्यापुढची पायरी आहे.

क्रिकेटमध्येही हा प्रवाह ओळखू येण्याइतका स्पष्ट आहे. झिम्बाब्वेचे यष्टिरक्षक-फलंदाज अँडी फ्लॉवर यांच्या मार्गदर्शनाखाली इंग्लंडने २०१० चा टी-ट्वेंटी विश्वचषक आणि २०१०-११ ची ऑस्ट्रेलियातील अॅशेस मालिका जिंकली, आणि २०२५ मध्ये रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूला आयपीएलचे पहिले विजेतेपद मिळाले तेव्हाही मुख्य प्रशिक्षक तेच होते. ससेक्सचे यष्टिरक्षक पीटर मूर्स यांनी इंग्लंडचे प्रशिक्षकपद दोनदा सांभाळले, ऑस्ट्रेलियाचे रॉड मार्श यांनी निवृत्तीनंतर क्रिकेट अकादमीतून तरुण खेळाडूंच्या पिढ्या घडवल्या. महाराष्ट्रापुरते पाहिले तर गेल्या पंचवीस वर्षांत मुंबईच्या रणजी संघाच्या प्रशिक्षकपदावर पंडित, सुलक्षण कुलकर्णी, समीर दिघे आणि विनायक सामंत असे चार माजी यष्टिरक्षक येऊन गेले; कुलकर्णी यांच्या काळात मुंबईने २०१२-१३ चा रणजी करंडक जिंकला आणि सामंत यांच्या काळात २०१८-१९ चा विजय हजारे करंडक. त्याच्या कितीतरी आधी, खान्देशाच्या शेजारी नाशिकला १९२१ मध्ये जन्मलेल्या माधव मंत्री यांनी यष्टिरक्षण करतानाच मुंबईचे नेतृत्व केले होते, आणि १९९० च्या इंग्लंड दौऱ्यात ते भारतीय संघाचे व्यवस्थापक होते.

दुसऱ्याच्या जागेवर खेळलेला खेळाडू

चंद्रकांत पंडित यांचा जन्म ३० सप्टेंबर १९६१ रोजी मुंबईत झाला आणि त्यांचे क्रिकेट शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांच्या हाताखाली घडले. सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे अशा शिष्यांमुळे देशभर ज्ञात झालेल्या आणि १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळालेल्या आचरेकर सरांची शाळा शिस्तीबद्दल प्रसिद्ध होती. पंडित यांच्या पुढील कामावर या शाळेचा ठसा स्पष्ट दिसतो.

भारतीय संघात पंडित आले ते १९८६ मध्ये इंग्लंडमधील लीड्सच्या कसोटीत, आणि आले तेही फलंदाज म्हणून, कारण यष्टिरक्षणाची जागा किरण मोरे यांच्याकडे होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मद्रासला ऑस्ट्रेलियाविरुद्ध झालेली कसोटी बरोबरीत सुटली, म्हणजे चारही डाव पूर्ण होऊन दोन्ही संघांच्या एकूण धावा समसमान झाल्या. कसोटी क्रिकेटच्या इतिहासात अशी घटना तोपर्यंत एकदाच, १९६० मध्ये ब्रिस्बेनला, घडली होती. या सामन्यात मोरे आजारी पडल्यामुळे पंडित यांना ग्लव्हज घालावे लागले, आणि फलंदाजीत त्यांनी दोन डावांत ३५ आणि ३९ धावा केल्या. पुढच्या वर्षी ५ नोव्हेंबर १९८७ रोजी वानखेडे स्टेडियमवर विश्वचषकाचा उपांत्य सामना होता. दिलीप वेंगसरकर आजारी असल्याने पंडित यांना संघात घेतले गेले, इंग्लंडचा सलामीवीर ग्रॅहम गूच याने स्वीपचे फटके मारत ११५ धावा केल्या, पंडित यांनी २४ धावा केल्या आणि भारत ३५ धावांनी हरला. मोरे यांनी एकूण ४९ कसोटी सामने खेळले, पंडित यांची संख्या १९९२ पर्यंत पाचवर थांबली.

ही आकडेवारी पाहता पंडित यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द कोणाच्या तरी आजारपणामुळे किंवा दुखापतीमुळे उघडलेल्या दारांतून झालेल्या ये-जेपलीकडे गेली नाही, असे म्हणता येते. देशांतर्गत क्रिकेटमध्ये मात्र ते भक्कम होते. १३८ प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी आठ हजारांहून अधिक धावा ४८ च्या वर सरासरीने केल्या, आणि मुंबईशिवाय आसाम व मध्य प्रदेश या संघांकडूनही ते खेळले. मुंबईच्या ड्रेसिंग रूममध्ये जिंकणे गृहीत धरले जाते, तर लहान संघांत बाद फेरी गाठणे हीच मोठी गोष्ट मानली जाते. या दोन्ही मनोवृत्ती आतून पाहिलेले यष्टिरक्षक भारतात फार नसतील.

मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून त्यांनी १९९८-९९ मध्ये संघाला रणजीच्या अंतिम सामन्यात नेले. बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर कर्नाटकाविरुद्ध मध्य प्रदेशाने पहिल्या डावात आघाडी घेतली होती, आणि अंतिम सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडीवर करंडक मिळतो या नियमामुळे शेवटचा दिवस खेळून काढला असता तरी विजेतेपद त्यांचे होते. परंतु दुसरा डाव कोसळला आणि संघ ९६ धावांनी हरला.

मुंबई, विदर्भ, मध्य प्रदेश

निवृत्तीनंतर पंडित मुंबईचे प्रशिक्षक झाले आणि २००२-०३ व २००३-०४ असे लागोपाठ दोन करंडक मुंबईला मिळाले. दुसऱ्या कारकिर्दीत, २०१५-१६ मध्ये, आदित्य तरे या यष्टिरक्षक कर्णधाराच्या संघाने पुण्यातील अंतिम सामन्यात सौराष्ट्राला एक डाव आणि २१ धावांनी हरवले. पुढच्याच हंगामात इंदूरला मुंबई अंतिम सामना गुजरातकडून हरली आणि पंडित यांचे मुंबईतील काम संपले. मुंबईला जिंकून देणे हे कठीण असले तरी अपेक्षित होते. त्यांच्या कामाची खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली.

विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी स्पर्धेत खेळत होता आणि साठ वर्षांत त्याने एकदाही अंतिम फेरी गाठली नव्हती. विदर्भ क्रिकेट असोसिएशनने नागपुरात निवासी अकादमी उभारून मुलांना कोवळ्या वयात हाताशी घेण्याची व्यवस्था आधीच केली होती, वसीम जाफर आणि गणेश सतीश यांच्यासारखे अनुभवी फलंदाज बाहेरून आणले होते, सुब्रतो बॅनर्जी गोलंदाजांना शिकवत होते. उणीव होती ती अटीतटीच्या वेळी सामना आपला आहे असे मानण्याची. २०१७-१८ च्या उपांत्य सामन्यात कोलकात्याला विदर्भाने कर्नाटकाला पाच धावांनी हरवले, आणि इंदूरच्या होळकर स्टेडियमवरील अंतिम सामन्यात दिल्लीवर नऊ गडी राखून मात केली. या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानी याने हॅट्‌ट्रिक घेतली, म्हणजे लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन फलंदाज बाद केले, आणि तरुण यष्टिरक्षक अक्षय वाडकर याने १३३ धावा केल्या. पुढच्या हंगामात नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून कर्णधार फैज फजलच्या संघाने करंडक राखला आणि दोन्ही वर्षी रणजी विजेता विरुद्ध शेष भारत असा खेळला जाणारा इराणी करंडकही मिळवला. पंडित यांच्या जाण्यानंतरही ही घडी मोडली नाही. २०२४-२५ मध्ये विदर्भाने तिसरा रणजी करंडक जिंकला, तेव्हा कर्णधार होता तोच यष्टिरक्षक अक्षय वाडकर.

मध्य प्रदेशाची कथा याहून जुनी आहे. इंदूरच्या होळकर संस्थानाचा संघ कर्नल सी. के. नायडू यांच्या काळात रणजी स्पर्धेतील बलाढ्य संघ होता आणि १९४५-४६ ते १९५२-५३ या दरम्यान त्याने चार वेळा करंडक जिंकला. संस्थाने विलीन झाली, होळकर संघ मध्य प्रदेशात मिसळला, आणि त्यानंतर या प्रदेशाला करंडक लाभला नव्हता. २०२१-२२ च्या हंगामात आवेश खान आणि व्यंकटेश अय्यर भारतीय संघाबरोबर असल्यामुळे अंतिम फेरीसाठी उपलब्ध नव्हते. उपांत्य सामन्यात बंगालविरुद्ध सलामीला आलेला यष्टिरक्षक हिमांशू मंत्री याने १६५ धावा केल्या. २२ ते २६ जून २०२२ या काळात चिन्नास्वामी स्टेडियमवर मुंबईविरुद्ध झालेल्या अंतिम सामन्यात मुंबईच्या ३७४ धावांना उत्तर देताना यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांनी शतके केली, संघाची धावसंख्या ५३६ झाली, आणि सहा गडी राखून मध्य प्रदेश प्रथमच विजेता ठरला. ज्या मैदानावर तेवीस वर्षांपूर्वी कर्णधार म्हणून करंडक निसटला होता, त्याच मैदानावर प्रशिक्षक म्हणून तो हाती आला तेव्हा पंडित यांना अश्रू आवरले नाहीत, हे दूरचित्रवाणीवर देशभर दिसले.

कार्यपद्धती आणि तिच्या मर्यादा

पंडित यांची ओळख कडक प्रशिक्षक अशी आहे. सरावाची वेळ, पोशाख, तंदुरुस्ती, ज्येष्ठ-कनिष्ठ यांतील वागणूक या सर्वांबाबत ते सवलत देत नाहीत, आणि नावाजलेल्या खेळाडूला वेगळा न्याय लावत नाहीत, असे त्यांच्याविषयी सर्रास बोलले जाते. या शिस्तीमागे निव्वळ स्वभाव आहे असे मानणे अपुरे ठरेल. यष्टिरक्षकाच्या कामात ५३९ चेंडू नीट पकडून ५४० व्या चेंडूला लक्ष ढळले तरी सामना हातचा जातो. ज्याने आयुष्यभर असे काम केले त्याला एकाग्रता ही सवयीची बाब वाटते आणि सवय लावण्यासाठी रोजची शिस्त लागते. शिवाय लहान संघांना गुणवत्तेपेक्षाही अधिक गरज असते ती आपण मोठ्या संघासमोर कोसळणार नाही या खात्रीची, आणि ही खात्री भाषणांतून येत नाही. ती कंटाळा येईपर्यंत केलेल्या सरावातून येते.

तीनही संघांच्या विजयांत प्रशिक्षकाला मिळालेला वेळ महत्त्वाचा होता. रणजीचा संघ एकाच प्रदेशातील असतो, महिनोन्‌महिने एकत्र राहतो, आणि संघटनेचा पाठिंबा असेल तर प्रशिक्षक पावसाळ्यातील शिबिरापासून अंतिम सामन्यापर्यंत त्याच मुलांवर काम करू शकतो. आयपीएलमध्ये हे गणित बदलते. तेथे संघ लिलावातून बनतो, दोन महिन्यांत विखुरतो, आणि त्यात अनेक देशांचे खेळाडू असतात. पंडित २०२२ मध्ये कोलकाता नाइट रायडर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०२३ मध्ये संघ सातवा आला, २०२४ मध्ये गौतम गंभीर मार्गदर्शक आणि श्रेयस अय्यर कर्णधार असताना चेन्नईत सनरायझर्स हैदराबादला आठ गडी राखून हरवून विजेता ठरला, २०२५ मध्ये आठव्या क्रमांकावर घसरला, आणि त्या वर्षी जुलैत पंडित पदावरून बाजूला झाले. परदेशी खेळाडूंना इतकी करडी शिस्त मानवत नाही, अशी टीकाही या काळात झाली. एकाच पद्धतीने रणजीत सहा करंडक आणि आयपीएलमध्ये असे चढउतार मिळतात, यावरून प्रशिक्षकाचे यश त्याच्या एकट्याच्या अंगी नसते, ते त्याला मिळणाऱ्या व्यवस्थेशी बांधलेले असते, हे ध्यानात येते.

खान्देशातील शक्यता

खान्देशात यष्टीमागे बसणारी मुले दोन खेळांत सापडतात. क्रिकेट तर जळगावच्या सागर पार्कपासून धुळ्याच्या गरुड मैदानापर्यंत आणि तालुक्याच्या गावांतील टेनिस बॉलच्या स्पर्धांपर्यंत सर्वत्र आहे, आणि जळगावात जैन उद्योगसमूहाच्या क्रीडा अकादमीने शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाची सोयही केली आहे. सॉफ्टबॉल आणि बेसबॉल हे खेळ मात्र येथे मुख्यतः शाळा-महाविद्यालयांमधून रुजले. क्रीडा विभागाच्या शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात, तर कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील खेळाडूंना आंतरविद्यापीठीय स्पर्धांची वाट मिळते. सॉफ्टबॉल हा बेसबॉलचाच भाऊबंद आहे. त्यात चेंडू मोठा असतो, पिचर तो खांद्याखालून हात फिरवून टाकतो आणि दोन बेसमधील अंतर बेसबॉलच्या सुमारे २७ मीटरऐवजी सुमारे १८ मीटर असते, त्यामुळे शाळेच्या लहान मैदानावरही तो बसवता येतो. कॅचरचे संरक्षक साहित्य, म्हणजे तोंडावरची जाळी, छातीचे कवच, पायांचे पॅड आणि जाड गादीचा हातमोजा, हा या खेळातील सर्वांत मोठा खर्च असतो, आणि पारा ४५ अंशांकडे जाणाऱ्या खान्देशच्या उन्हाळ्यात हे सर्व अंगावर चढवून सराव करायचा तर तो पहाटे किंवा उन्हे कलल्यावरच करावा लागतो.

या खेळांत खेळाडू म्हणून चरितार्थ चालवण्याची सोय भारतात अजून नाही. दुबईत खेळल्या जाणाऱ्या बेसबॉल युनायटेड या व्यावसायिक लीगमध्ये मुंबई कोब्राज नावाचा संघ आहे, आणि लॉस एंजेलिस येथील २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये क्रिकेटबरोबर बेसबॉल-सॉफ्टबॉलचेही पुनरागमन होणार आहे, त्यामुळे या खेळांकडे पाहण्याची दृष्टी थोडी बदलेल. तूर्त बहुतेक खेळाडूंना मिळतात ते दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि शासकीय नोकरीतील पाच टक्के खेळाडू आरक्षणाची संधी. प्रशिक्षणाचे क्षेत्र मात्र यापेक्षा रुंद आहे. शारीरिक शिक्षणाची बी.पी.एड. पदवी घेतलेला क्रीडाशिक्षक, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एन.आय.एस.चा, पदविका अभ्यासक्रम पूर्ण केलेला प्रशिक्षक, राज्याच्या क्रीडा विभागातील क्रीडा मार्गदर्शक, किंवा क्रिकेट नियामक मंडळाच्या टप्प्याटप्प्याच्या परीक्षा उत्तीर्ण झालेला क्रिकेट प्रशिक्षक, अशा या वाटा आहेत. त्यांसाठी आंतरराष्ट्रीय कारकीर्द लागत नाही, आणि जिल्हा संघात दुसऱ्या क्रमांकाचा यष्टिरक्षक किंवा राखीव कॅचर म्हणून काढलेली वर्षेही त्यांत कामी येतात.

अडचण अशी की जिल्हा पातळीवर निवड करताना नजर धावा आणि बळी यांकडे असते. यष्टिरक्षक फलंदाजीत चमकला तर पुढे जातो, नाहीतर सतरा-अठराव्या वर्षी खेळ सोडून देतो, आणि त्याच्याबरोबर चार-पाच वर्षांत त्याने गोळा केलेले निरीक्षणही जाते. विदर्भाने निवासी अकादमीतून आणि मध्य प्रदेशाने दीर्घ शिबिरांतून जे साधले त्याचा पाया असा होता की मुलगा आणि प्रशिक्षक यांना एकमेकांबरोबर पुरेसा काळ मिळाला. खान्देशातील मुलाला मात्र वयोगटाच्या निवड चाचणीसाठी पुण्याला जावे लागते आणि थोड्या चेंडूंत आपली लायकी दाखवावी लागते. अशा मुलांपैकी ज्यांची निवड होत नाही, त्यांतील यष्टिरक्षक आणि कॅचर हेरून त्यांना पंचगिरी, गुणलेखन आणि लहान गटांचे प्रशिक्षण यांत त्याच वयात गुंतवणे, हे जिल्हा संघटनांना आणि महाविद्यालयांना फार खर्चाविना करता येण्याजोगे काम आहे.

पंडित यांच्या कारकिर्दीचा अर्थ लावताना सहा करंडकांइतकेच महत्त्व त्यांच्या पाच कसोटींना द्यावे लागते. संघात दुसऱ्याच्या जागेवर येऊन खेळलेल्या, मोठ्या सामन्यात हरलेल्या आणि लहान संघांत फिरलेल्या यष्टिरक्षकाने जे पाहिले, त्याचा उपयोग करून घेण्याची तयारी मुंबईने, नंतर नागपूरने आणि नंतर इंदूरने दाखवली, आणि तिन्ही ठिकाणी त्याचे फळ मिळाले. जळगाव आणि धुळ्याच्या मैदानांवर अशी दृष्टी असलेली मुले आजही आहेत. त्यांना खेळाडू म्हणून न्याय देता आला नाही तरी प्रशिक्षक म्हणून वाढवता येईल, आणि पुढच्या पिढीतील खेळाडूंना न्याय मिळण्याची शक्यता त्यातूनच वाढेल.